सिझेरियनचा इतिहास : पोट कोणाचे कापले आणि विश्रांती कोणाला मिळाली?



वस्तीत बाळंतपणाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "आमच्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि तासाभराने खुरपं हातात घ्यायच्या." दुसरे, "हल्लीच्या पोरींना कळा सोसवत नाहीत, म्हणून सिझर करून घेतात." ही वाक्ये बोलणारे परके नसतात, आपलेच असतात. शिकलेले, मोर्चात पुढे असणारे कार्यकर्तेही ती सहज बोलून जातात. पोटाला टाके असलेली बाईसुद्धा ती ऐकते आणि चौथ्या दिवशी पाण्याची कळशी उचलायला उठते.

हा लेख या दोन वाक्यांचा प्रतिवाद आहे. आमचे म्हणणे असे की सिझेरियनच्या इतिहासाचे दोन भाग आहेत. एक भाग शस्त्रक्रियेचा आहे : सुरी, भूल, टाके, औषधे. दुसरा भाग शस्त्रक्रियेनंतरच्या गोष्टींचा आहे : विश्रांती, बुडालेली मजुरी, डॉक्टरचा स्पर्श आणि बाईला मिळणारी माहिती. पहिला भाग वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी पूर्ण केला. दुसरा भाग न्यायाचा आहे आणि तो अजून अर्धवट आहे. बाबासाहेबांनी ज्या प्रश्नात हात घातला तो हाच दुसरा भाग.

वारस वाचवण्यासाठी कापलेले पोट

ज्युलियस सीझर पोट कापून जन्मला म्हणून या शस्त्रक्रियेला सिझेरियन म्हणतात, असे शाळेत सांगतात. ते खरे वाटत नाही. सीझरची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत जिवंत होती आणि त्या काळात जिवंत आईचे पोट कापले तर ती वाचत नसे. प्राचीन रोमन कायद्यात मात्र एक नियम होता : गर्भवती स्त्री मेली तर पोटातले मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरायचे नाही. म्हणजे ही शस्त्रक्रिया सुरू झाली ती मेलेल्या आईवर, मुलासाठी.

आपल्याकडची कथाही तशीच आहे. चंद्रगुप्त मौर्याची गर्भवती राणी विषाने मेली, चाणक्याने तिचे पोट चिरून मूल काढले आणि तो बिंदुसार, असे सांगतात. 'आपल्या पूर्वजांना सिझेरियन येत होते' असे अभिमानाचे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यात ही कथा असते. सुश्रुतसंहितेतही मृत गर्भवतीच्या पोटातून हालचाल करणारे मूल काढण्याचा उल्लेख येतो. हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : या कथेत आई कुठे आहे? ती मेलेली आहे. गादीला वारस मिळाला, कथा संपली. रोम असो की मगध, हजारो वर्षे ही शस्त्रक्रिया आईसाठी नव्हतीच.

भगवान बुद्धांच्या जन्माबद्दलही ते आईच्या कुशीतून बाहेर आले असा चमत्कार जुन्या कथांत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना तो चमत्कार घेतला नाही. लुंबिनीत शालवृक्षाची फांदी धरून उभ्या असलेल्या महामायेने मुलाला जन्म दिला, असे साधे वर्णन त्यांनी केले. मूल सात दिवसांचे असताना महामाया वारली, हेही त्यांनी नोंदवले. बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा राणीलाही सोडत नव्हता. आजही आईच्या जिवाला मोठा धोका असतो तो याच दिवसांत.

गुलाम स्त्रियांच्या शरीरावर शिकलेली विद्या

एकोणिसाव्या शतकात जिवंत स्त्रीवर सिझेरियन करण्याचे प्रयत्न वाढले. प्रश्न होता, शिकायचे कोणावर? अमेरिकेतील लुईझियानात फ्रान्स्वा प्रेव्हो या डॉक्टरने १८२० च्या दशकात सिझेरियन केली ती गुलाम काळ्या स्त्रियांवर. त्या राज्यातील यादवी युद्धापूर्वीच्या सिझेरियनच्या बहुतेक नोंदी गुलाम स्त्रियांच्याच आहेत. त्या स्त्रियांच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. संमती मालकाची लागे, कारण आई आणि मूल दोन्ही त्याची मालमत्ता होती.

अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यांतली तीन नावे इतिहासात उरली आहेत. मूल अडकून दिवसेंदिवस कळा चालल्या की मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडते आणि लघवी सतत गळत राहते. त्या भोकाच्या शस्त्रक्रियेचे तंत्र सिम्सने या स्त्रियांवर बसवले आणि तो आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गाजला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हटवण्यात आला. तो काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यामुळे.

आपल्याला हा इतिहास परका नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे आणि १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले आहे. सत्तरच्या दशकात आपल्या पँथरांनी नाव घेतले ते त्याच लढ्यावरून.

आणखी एक नोंद मुद्दाम सांगतो. १८७९ साली रॉबर्ट फेल्किन या इंग्रज प्रवाशाने आजच्या युगांडातील बुन्योरो राज्यात स्थानिक वैद्याने केलेले सिझेरियन पाहिले. वैद्याने केळ्याच्या दारूने आपले हात आणि बाईचे पोट धुतले, तीच दारू तिला गुंगीसाठी पाजली, रक्तस्राव तापलेल्या लोखंडाने थांबवला आणि जखम लोखंडी टाचण्यांनी बंद करून वर मुळ्यांचा लेप लावला. आई आणि मूल दोघेही वाचले. शस्त्रक्रियेआधी हात धुण्याबद्दल युरोपातले डॉक्टर तेव्हा अजून वाद घालत होते. ज्ञान वरून खाली झिरपते असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आई जगू लागली ती कशामुळे?

१८६५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सिझेरियन झालेल्या शंभरातील सुमारे ८५ स्त्रिया मरत. मग एकेक गोष्ट बदलत गेली. १८४६-४७ मध्ये ईथर आणि क्लोरोफॉर्मची भूल आलेली होती. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली. १८७६ मध्ये इटलीत एदुआर्दो पोर्रोने मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले आणि ती बाई वाचली. १८८२ मध्ये जर्मनीत मॅक्स सेंगरने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत सांगितली. त्यापूर्वी गर्भाशय कापून तसेच उघडे सोडत! १९२० च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रुळली. त्यात रक्त कमी जाते आणि पुढच्या बाळंतपणात व्रण फाटण्याची भीतीही कमी असते. मग रक्तपेढ्या आल्या आणि १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले.

हे सगळे एकत्र आल्यावरच 'ठरवून सिझेरियन' या शब्दांना अर्थ आला. तारीख ठरवायची तर आई त्या तारखेनंतर जगणार हे गृहीत धरावे लागते. पण कोणती आई?

थर्मामीटर आणि विटाळ

आपल्या समाजात बाळंतपण म्हणजे विटाळ. बाळंतिणीला सुवेर, तिची खोली वेगळी, तिचे कपडे वेगळे. हा विटाळ हाताळायचे काम ठरलेल्या जातींच्या बायकांकडे. महाराष्ट्रात अनेक गावांत मांग समाजातील स्त्रिया सुईणीचे काम करत. उत्तरेत नाळ कापायला चांभार समाजातील दाई बोलावत. गावातल्या वरच्या आळीतले मूल जगात येताना पहिला स्पर्श आपल्या आजीचा होई आणि आंघोळ झाली की त्याच आजीचा स्पर्श बाटवणारा ठरे. ज्यांच्या हातांनी गाव जन्मले, त्यांच्या ज्ञानाला ना मान मिळाला ना मोबदला. आणि त्या स्वतः अडल्या तेव्हा?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत गंभीर आजारी पडली. छातीला सूज, श्वास लागत नाही. डॉक्टरने अस्पृश्यांच्या वस्तीत यायला नकार दिला. गावच्या प्रतिष्ठितांकडून रदबदली करून दोन रुपये फी कबूल केल्यावर तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. त्या आजारी बाळंतिणीला नुकत्याच जन्मलेल्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने पत्नीला लावले आणि त्याच साखळीने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा तो आला नाही. ती बाई मेली.

हा प्रसंग आम्ही सिझेरियनच्या लेखात का सांगतो आहोत? कारण सिझेरियननंतर बाईच्या जिवाचे रक्षण रोजच्या तपासणीने होते. ताप मोजणे, नाडी बघणे, पोट दाबून गर्भाशय आकसले आहे का ते पाहणे, टाका उघडून बघणे, रक्तस्राव किती आहे ते बघणे. यातले एकही काम दुरून होत नाही. स्पर्श नाकारला की उपचार नाकारला. आज कोणी थर्मामीटर तिसऱ्याच्या हाती देत नाही, पण वॉर्डात आडनाव ऐकून आवाज बदलतो आणि "तुमच्यात अशीच घाण असते" असे वाक्य टाके तपासताना ऐकावे लागते, हे आम्ही ज्या बायकांबरोबर काम करतो त्यांनी आम्हाला सांगितले आहे.

१९२८ : विश्रांतीचा प्रश्न कायदेमंडळात

भीमाई आणि रामजी सकपाळ यांचे भीमराव हे चौदावे अपत्य. भीमाई गेल्या तेव्हा बाळ भीमा पाच-सहा वर्षांचा होता. पुढे माता रमाईंच्या पोटी पाच मुले जन्मली आणि यशवंत सोडून चौघे लहानपणीच गेले. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. बाळंतपण आणि बालमृत्यू हे बाबासाहेबांसाठी आकडे नव्हते, घरातले दुःख होते.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. या खर्चाचा बराच भार सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते, पण स्त्रीच्या श्रमातून मालकालाही लाभ होतो, म्हणून तो जबाबदारीतून सुटत नाही, असेही त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्त्या आणल्या. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल कधी आणि किती, हा प्रश्न त्यांनी स्त्रीच्या आरोग्याशी जोडला. त्या सभागृहाने तो फेटाळला.

यातले सूत्र पाहा. बाळंतपण ही बाईची खाजगी अडचण नाही, तो समाजाचा खर्च आहे. विश्रांती ही सासूची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. आज्या तासाभराने खुरपं उचलायच्या ते अंगात ताकद होती म्हणून नव्हे. त्या दिवशीची मजुरी बुडाली तर चूल पेटणार नव्हती म्हणून. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार तेव्हा देशात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस आया मरत होत्या. खुरपं उचलणाऱ्या आजीची गोष्ट आपण सांगतो, कारण ती जगली. जी मेली तिची गोष्ट सांगायला कोणी उरले नाही. २०१८-२० मध्ये हे प्रमाण दर लाख जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले. दवाखाने, रक्त, औषधे आणि गरज पडल्यावर झालेले सिझेरियन यांचा यात मोठा वाटा आहे.

आजचे दोन अन्याय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खाजगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण २५.४ टक्के. खाजगी दवाखान्यात गेलेल्या बायकांची हाडे काही वेगळी नसतात. अवघड केसेस तिकडे जातात हे मान्य केले तरी तिपटीहून मोठा फरक त्याने भरून निघत नाही. तिथे बिलाचा आणि डॉक्टरच्या सोयीचा हिशेबही चालतो. त्याच देशात डोंगरपाड्यावरची आदिवासी बाई सिझेरियनची खरी गरज असताना तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही म्हणून जिल्ह्याच्या वाटेवर जीपमध्ये मरते. पैसेवालीचे पोट गरज नसताना कापले जाते आणि गरिबाचे पोट गरज असूनही कापले जात नाही. दोन्ही अन्यायांचे मूळ एकच : निर्णय बाईच्या गरजेवर होत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत हा आकडा तेरा हजारांच्या वर गेला. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की मुकादम दंड लावतो, म्हणून गर्भाशयच नको. विश्रांतीचा हक्क नसला की शस्त्रक्रियेचा अर्थ कसा बदलतो हे याहून स्पष्ट कशाने दिसणार?

ठरवलेले सिझेरियन : त्या दिवशी काय होते?

भीती माहितीने कमी होते. म्हणून आता सरळ सांगतो.

बाळ पायाळू असणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, आधीचे सिझेरियन, काही जुळी बाळंतपणे, आईचे काही आजार अशा कारणांनी तारीख आधी ठरवली जाते. आई-बाळाला दुसरा धोका नसेल तर साधारण ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया करतात, कारण त्याआधी बाळाची फुप्फुसे कच्ची असू शकतात. इथे एक रोखठोक बोलायचे आहे. जोशीबुवांकडून मुहूर्त काढून पोट कापून घेणे हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात शोभत नाही. आणि १४ एप्रिलला बाळ यावे म्हणून दोन आठवडे आधी सिझर करा म्हणणेही तितकेच चूक आहे. बाबासाहेबांचा जन्मदिवस बाळाच्या श्वासापेक्षा मोठा नाही. त्यांनाही ते आवडले नसते.

आदल्या दिवशी किंवा आधी हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासतात, रक्ताची सोय बघतात. शस्त्रक्रियेआधी सहा तास जेवण बंद असते. साधे पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते डॉक्टर सांगतात. शिरेतून सलाईन, प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि लघवीची नळी लावतात. बहुतेक वेळा पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन देतात. बाई जागी असते, छातीखाली बधिर होते. 'या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते' या बोलण्याला आधार नाही.

समोर पडदा असतो. ओटीपोटावर खाली आडवा छेद घेतात. दुखत नाही, पण ओढल्यासारखे आणि दाबल्यासारखे जाणवते. घाबरू नये. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत बाळ बाहेर येते. मग वार काढून थर एकेक करून शिवायला अर्धा-पाऊण तास लागतो. थरथर सुटणे, मळमळ होणे हेही घडते. आई आणि बाळ ठीक असतील तर पहिल्या तासातच बाळ अंगावर घेता येते.

पुढचे काही तास पाय जड राहतात. भूल उतरली की दुखते. तेव्हा वेदनाशामक मागायचे, सोसायचे नाही. दुखणे दाबून पडून राहिलेली बाई हालचाल करत नाही आणि न हलल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. साधारण एका दिवसात नळी काढतात आणि आधार देऊन चालवतात. पहिले उठणे सगळ्यात अवघड. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे. खोकताना टाक्यावर उशी दाबून धरावी. पोट कापले तरी अंगावरून जाणे असतेच. ते हळूहळू कमी होत सहा आठवड्यांपर्यंत चालू शकते. दवाखान्यात साधारण तीन ते पाच दिवस राहावे लागते.

संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावा. सिझेरियनची संमती म्हणजे कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची किंवा तांबी बसवण्याची संमती नव्हे. त्यासाठी वेगळे विचारले पाहिजे. एका उपचाराची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. अनार्काला विचारले गेले नव्हते. आपल्या बहिणीला विचारले गेलेच पाहिजे.

घरी आल्यावर

सिझेरियन हे बाळंतपणही आहे आणि पोटाची मोठी शस्त्रक्रियाही. दोन्हींचा थकवा एकाच शरीरावर असतो. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. म्हणजे हंडा नाही, सिलिंडर नाही, मोठे मूल कडेवर नाही. टाका कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. शेगडीचा शेक आणि धुरी जखमेवर नको. 'टाके पिकतील' म्हणून पाणी, भात, वरण बंद करणे चूक आहे. दूध पाजणाऱ्या आणि रक्त गेलेल्या बाईला डाळ, अंडी, मासे, पालेभाज्या आणि भरपूर पाणी लागते.

पुढील गोष्टी दिसल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा : थंडी-ताप, टाक्यातून पू किंवा वाढती लाली, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीला सूज व दुखणे, दम लागणे, डोळ्यांसमोर अंधारी येऊन तीव्र डोकेदुखी, झटके. सतत रडू येणे, बाळ नकोसे वाटणे, जीव द्यावासा वाटणे हाही आजार आहे. बाहेरची बाधा नाही. त्यालाही डॉक्टरच लागतो.

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर असेही नाही. आडवा छेद असेल, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असेल आणि तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना असेल तर अनेकींची पुढची प्रसूती नैसर्गिक होते. त्यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह प्रसूती मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत जेवण, जाण्याचे आणि परत येण्याचे वाहन, सगळे मोफत. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हाती दिली तर लेखी तक्रार करायची. प्रसूतीच्या वेळी सोबत एक स्त्री असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितले आहे. ते मागायचे.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. प्रसूतीतून आजार उद्भवला तर आणखी एक महिन्याची तरतूद आहे. पण हे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते. आपल्या बहुतेक बहिणी घरकामाला, ऊसतोडीला, बिगारीला, झाडूला ठेकेदाराकडे आहेत. त्यांच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे पाच हजार रुपये, तेही हप्त्यांत. सहा आठवड्यांच्या मजुरीच्या मानाने ते किती, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वस्तीत करून पाहावा. १९२८ चा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा आहे.

मग मोर्चाची मागणी पुढची असो : असंगठित कामगार स्त्रीला सिझेरियननंतर किमान सहा आठवड्यांच्या मजुरीइतकी भरपाई, आणि तालुका पातळीवर भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय. आणि मोर्चातून घरी आल्यावरचे काम त्याहून सोपे आहे. भावांनो, तुमच्या घरात टाके असलेली बाळंतीण असेल तर हंडा तुम्ही उचला. चवदार तळ्याचे पाणी आपण हक्काने घेतले. घरातल्या नळाचे पाणी भरायला लाजायचे कारण नाही.

जय भीम.